पाऊस परतला, नदी का परतली नाही?

चेक प्रजासत्ताकात एल्ब नदीच्या काठी डेचिन नावाचं शहर आहे. तिथे नदीपात्रात एक भला मोठा दगड आहे. एरवी तो पाण्याखाली असतो. नदी फारच उतरली की तो वर येतो आणि त्याच्यावर कोरलेली सालं दिसू लागतात. वाचता येतं असं सर्वांत जुनं साल 1616. त्याच दगडावर जर्मन भाषेत एक ओळ आहे, ‘मला पाहशील, तेव्हा रड.’ मध्य युरोपात अशा दगडांना ‘भुकेचे दगड’ म्हणतात. नदी तिथपर्यंत आटली याचा अर्थ शेतं कधीच करपून गेलेली असायची, पाणचक्क्या बंद पडलेल्या असायच्या, मालाच्या नावा अडकून पडलेल्या असायच्या. 2018 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये हा दगड उघडा पडला.

नदीचा दुष्काळ मोजायच्या आजच्या सगळ्या पद्धती मला या दगडाच्या वंशातल्या वाटतात. दगड पावसाबद्दल काही बोलत नाही. पाणी एका ठरावीक खुणेच्या खाली गेलं आहे आणि याआधी असं कधी कधी घडलं होतं, एवढंच तो सांगतो. खूण आणि आठवण. जलशास्त्रज्ञ आज संगणकावर जे करतात त्यात आकडेमोड पुष्कळ असते, पण गाभा हाच. खूण कुठे मारायची आणि आठवण किती मागची धरायची, यावर सगळं उत्तर ठरतं. आणि या दोन गोष्टी चुकल्या की अख्ख्या खोऱ्याचं नियोजन चुकतं, पिढ्यान्‌पिढ्या.

दुष्काळ खाली उतरत जातो

दुष्काळ म्हटलं की आपली नजर आधी आभाळाकडे जाते. पाऊस बराच काळ नेहमीपेक्षा कमी पडला की तो झाला हवामानाचा दुष्काळ. मग मातीतला ओलावा संपतो, पिकं माना टाकतात. तो शेतीचा दुष्काळ. त्यानंतर ओढे, नद्या, तलाव, धरणं आणि भूजल यांतलं पाणी त्या त्या काळाच्या नेहमीच्या पातळीखाली जातं. या तिसऱ्या अवस्थेला जलशास्त्रीय दुष्काळ म्हणतात. त्यात ‘नेहमीच्या’ हा शब्द महत्त्वाचा. वाळवंटातली नदी वर्षातले दहा महिने कोरडी असेल तर तो तिचा स्वभाव आहे, दुष्काळ नाही. आणि नदीत नेहमीइतकं पाणी असूनही गरज दुप्पट झाल्यामुळे ते पुरत नसेल, तर ती टंचाई आहे. तिचं दुःख दुष्काळासारखंच असतं, पण कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

आभाळातून नदीपर्यंत उतरताना दुष्काळाचं रूप बदलतं, आणि ते कसं बदलतं हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. खोऱ्यात पडलेल्या पावसाचा एक भाग उतारावरून धावत तासा-दिवसांत नदीला मिळतो. दुसरा भाग जमिनीत मुरतो, खडकांच्या भेगांतून, वाळूच्या थरांतून हळूहळू सरकतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी कधी कित्येक वर्षांनी नदीच्या तळातून, काठातून पाझरत बाहेर येतो. पंधरा-वीस दिवस पावसाचा थेंब नाही, तरी नदी वाहतेच आहे. हे पाणी येतं कुठून? ते हे पाझरलेलं पाणी. त्याला पायाप्रवाह म्हणू. कोरड्या ऋतूतली नदी म्हणजे जमिनीखालच्या साठ्याची उघडी पडलेली कड असते. नदीत दिसतं ते त्या साठ्याचं आजचं पाणी, आणि त्या साठ्यात भर पडलेली असते ती मागच्या कित्येक पावसाळ्यांची.

म्हणून महिनाभर पाऊस रुसला तर नदीला पत्ताही लागत नाही. साठा तेवढी कळ काढतो. दोन-तीन ऋतू सलग कमी पावसाचे गेले, मध्ये एखादी बरी सर येऊन गेली, तर पावसाच्या नोंदीत ते तीन वेगळे दुष्काळ दिसतात आणि नदीच्या नोंदीत एकच, लांबलचक, न तुटणारा दुष्काळ दिसतो. तो उशिरा सुरू होतो, उशिरा संपतो.

किती उशिरा, हे खोऱ्याच्या पोटात काय आहे त्यावर अवलंबून. दक्षिण इंग्लंडमध्ये चॉक नावाच्या मऊ, सच्छिद्र चुनखडीच्या खडकातून उगम पावणाऱ्या नद्या आहेत. त्यांच्या वर्षभराच्या प्रवाहातला 90 टक्क्यांहून अधिक वाटा पायाप्रवाहाचा असू शकतो. तिथून फार लांब नसलेल्या चिकणमातीच्या खोऱ्यांत हा वाटा अगदीच थोडा असतो. वर आभाळ तेच, पाऊस जवळजवळ तोच. चिकणमातीतली नदी दोन कोरड्या महिन्यांत हवालदिल होते आणि चार दिवसांच्या पावसात सावरते. चॉकमधली नदी एका कोरड्या उन्हाळ्याला दाद देत नाही, पण दोन हिवाळे भूजल भरलंच नाही तर ती खचते, आणि मग एका पावसाळ्याने उठत नाही. पावसाच्या आकड्यावरून नदीचा दुष्काळ ठरवता येत नाही, तो याच कारणाने.

पट्टीवरचा आकडा

मग नदीलाच मोजायचं. मोजतात कशी, हे जरा जवळून बघू, कारण पुढच्या सगळ्या निर्देशांकांचा जीव इथे आहे.

मापन केंद्रावर नदीकाठी सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी रोवलेली असते, शेजारी पातळी आपोआप टिपणारं यंत्र. पट्टी सांगते पाण्याची उंची. आपल्याला हवा असतो विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती घनमीटर पाणी पुढे गेलं तो आकडा. त्यासाठी माणसं वेगवेगळ्या पातळ्यांना पात्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जागोजाग खोली आणि वेग मोजतात, त्यावरून त्या वेळचा विसर्ग काढतात आणि पातळी व विसर्ग यांची सांगड घालणारी एक वक्ररेषा तयार करतात. एरवी रोज फक्त पातळी वाचायची आणि या रेषेवरून विसर्ग काढायचा.

पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, हे अनेकांना माहीत नसतं. ऑक्टोबर 2018 मध्ये जर्मनीत ऱ्हाईन नदीवरच्या काउब इथली पट्टी 25 सेंटिमीटरवर आली. बातम्यांत ते वाचून नदी घोट्याएवढी उरली असं वाटावं. प्रत्यक्षात जहाजांच्या मार्गात तेव्हाही सव्वा मीटरहून जास्त पाणी होतं. संकट मात्र खरंच होतं. जहाजांना एका फेरीत नेहमीच्या मालाचा थोडासाच हिस्सा नेता येत होता.

दुष्काळात ही मोजणी सर्वांत नाजूक होते, आणि नेमकी तेव्हाच आपल्याला ती अचूक हवी असते. नदी 200 घनमीटरने वाहत असताना 1 घनमीटरची चूक झाली तर बिघडत नाही. 4 घनमीटरने वाहताना तीच चूक 25 टक्के होते. पुराने तळातली वाळू सरकली, पात्रात पाणवनस्पती माजली, कुणी खाली छोटा बांध घातला, की तीच पातळी वेगळा विसर्ग दाखवू लागते आणि जुनी वक्ररेषा खोटी ठरते. म्हणून दुष्काळाचा अभ्यास हाती घेताना मी आधी विचारेन ते हे: ही रेषा शेवटची कधी तपासली होती, आणि कमी पाण्यात तपासली होती का? हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण तो टाळून काढलेला निर्देशांक दिसायला कितीही देखणा असला तरी त्यावर भरवसा ठेवू नये.

खूण कुठे मारायची

हातात वर्षानुवर्षांचा विसर्ग आला. आता ‘कमी’ म्हणजे किती कमी?

एक सरळ मार्ग असा. समजा 40 वर्षांच्या नोंदी आहेत. त्यातले फक्त जानेवारी घ्यायचे, चढत्या क्रमाने लावायचे आणि असा आकडा शोधायचा की 80 टक्के वर्षांत जानेवारीचा प्रवाह त्याच्या वर राहिला. तो झाला जानेवारीचा उंबरठा. असंच प्रत्येक महिन्याचं. प्रवाह उंबरठ्याखाली गेला की दुष्काळ सुरू, वर आला की संपला. कुणी 70 टक्क्यांचा उंबरठा धरतं, कुणी 90 किंवा 95 चा. यात पवित्र असं काही नाही, पण एकदा धरला की अभ्यासभर बदलायचा नाही आणि तो कोणता धरला हे वाचणाऱ्याला स्पष्ट सांगायचं.

एका काल्पनिक नदीचे पावसाळ्यानंतरचे पाच महिने घेऊ. उंबरठे आहेत 40, 30, 22, 16 आणि 12 घनमीटर प्रति सेकंद. यंदाचा प्रवाह आहे 34, 26, 23, 11 आणि 9. पहिल्या महिन्यात तूट 6 ची, दुसऱ्यात 4 ची. तिसऱ्यात कुठेतरी अवेळी सर आली आणि प्रवाह उंबरठ्याच्या 1 ने वर गेला. मग पुन्हा 5 ची आणि 3 ची तूट. सेकंदाला 1 घनमीटर पाणी 30 दिवस कमी वाहिलं तर ते होतं जवळपास 26 लाख घनमीटर. म्हणजे पहिल्या दोन महिन्यांची तूट 2.6 कोटी घनमीटर, शेवटच्या दोन महिन्यांची सुमारे 2.1 कोटी.

हे दोन दुष्काळ की एक? नियमाप्रमाणे तिसऱ्या महिन्यात दुष्काळ संपला होता. पण त्या 1 घनमीटरने ना भूजल भरलं, ना धरण. त्यामुळे अभ्यासक मधली छोटी फट बुजवून दोन्ही तुकडे जोडतात. मधली जास्तीची भर वजा केली तर पाच महिन्यांचा एकच दुष्काळ उरतो आणि तूट भरते 4.4 कोटी घनमीटर. किती लहान फट बुजवायची, हा निर्णय माणसाचा असतो. तोच दुष्काळ एका अहवालात ‘दोन मध्यम’ आणि दुसऱ्यात ‘एक तीव्र’ दिसू शकतो. आकडे दोन्हीकडे खरेच असतात. माझा कौल फट बुजवण्याकडे आहे, कारण नदीवर जगणाऱ्यांना तो मधला महिना सुटकेसारखा कधी वाटलेला नसतो.

दुष्काळाकडे अशा सलग ‘धावा’ म्हणून बघायची शिस्त व्हुजिका येव्हजेविच यांनी 1967 मध्ये मांडली. प्रत्येक धावेची लांबी म्हणजे कालावधी, तिच्यातली एकूण तूट म्हणजे तिचं आकारमान, आणि तुटीला कालावधीने भागलं की तीव्रता. इतकी साधी मांडणी, पण अजून तिला पर्याय नाही.

दुसरी पद्धत निर्देशांकाची. 1993 मध्ये टॉमस मकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावसासाठी प्रमाणित निर्देशांक मांडला. तीच युक्ती पुढे प्रवाहाला लावली गेली. युक्ती अशी की नदी लहान असो वा मोठी, आजचा प्रवाह तिच्या स्वतःच्या इतिहासात कितवा लागतो ते बघायचं आणि त्या क्रमाचं एका समान फूटपट्टीवर रूपांतर करायचं. शून्य म्हणजे अगदी नेहमीसारखं. उणे 1 पासून दुष्काळ चढू लागतो, उणे 1.5 ला तीव्र, उणे 2 खाली अतितीव्र. हिशोब सोपा आहे. 40 वर्षांत यंदाचा जानेवारी खालून तिसरा लागला, तर इतका किंवा याहून कमी प्रवाह असण्याची शक्यता धरायची 41 पैकी 3 (वर्षांच्या संख्येत एक मिळवायचा), म्हणजे 7.3 टक्के. ती फूटपट्टीवर उणे 1.45 ला येते. या निर्देशांकामुळे डोंगरातल्या ओढ्याची आणि समुद्राजवळच्या विशाल नदीची तुलना एका नकाशावर करता येते, आणि हा त्याचा मोठा गुण.

पण आता खालून पहिला घ्या, 40 वर्षांतला सर्वांत वाईट जानेवारी. शक्यता 41 पैकी 1, आणि निर्देशांक येतो उणे 1.97. म्हणजे 40 वर्षांच्या नोंदीतला सर्वांत वाईट महिनासुद्धा स्वतःच्या बळावर ‘अतितीव्र’ वर्गात पोचत नाही! तो तिथे पोचतो तेव्हा आपण आकड्यांवर एखादं गणिती वितरण, म्हणजे कोणता आकडा किती वेळा येईल हे सांगणारी वक्ररेषा, बसवलेलं असतं आणि ते नोंदींच्या पलीकडे ताणलेलं असतं. कोणतं वितरण बसवलं यावर टोकाचे आकडे बरेच हलतात. तेव्हा कुणी उणे 2.6 असा दशांशासकट निर्देशांक पुढे ठेवला तर त्या दशांशावर फार विसंबू नये.

किती महिन्यांची बेरीज धरायची हाही प्रश्न आहेच. तीन महिन्यांच्या निर्देशांकात छोटे चढउतार दिसतात. 24 किंवा 48 महिन्यांच्या निर्देशांकात मोठी धरणं आणि खोल भूजल यांचा हळू चालणारा काळ दिसतो. दीर्घ दुष्काळ बघायचा तर हे लांबचे आकडे हवेत.

कोरडी वर्षं घोळक्याने येतात

हॅरल्ड हर्स्ट नावाचे ब्रिटिश जलशास्त्रज्ञ अनेक दशकं इजिप्तमध्ये नाईल नदीवर काम करत होते. त्यांना सोडवायचा होता तो प्रश्न व्यवहारातला: कित्येक वर्षांचे चढउतार पोटात घेईल असा जलाशय बांधायचा तर तो केवढा हवा? कैरोजवळ रोडा बेटावर नाईलची पातळी मोजायचा प्राचीन स्तंभ आहे आणि तिथल्या नोंदी इसवी सन 622 पासूनच्या मिळतात. हर्स्ट यांनी त्या आणि इतर अनेक लांबलचक नोंदी तपासल्या आणि 1951 मध्ये निष्कर्ष मांडला. ओली आणि कोरडी वर्षं नाणेफेकीसारखी एकमेकांपासून स्वतंत्र येत नाहीत. कोरड्या वर्षामागून कोरडं वर्ष येण्याकडे कल असतो, ओल्यामागून ओलं. त्यामुळे लागणारा साठा नाणेफेकीच्या गणिताने निघतो त्याहून बराच मोठा असतो. पुढे बेन्वा मँडेलब्रॉट यांनी या वागण्याला बायबलमधल्या जोसेफचं नाव दिलं. सात सुकाळाच्या वर्षांमागून सात दुष्काळाची वर्षं येणार हे सांगणारा तो जोसेफ.

या एका शोधाने ‘50 वर्षांतून एकदा येणारा दुष्काळ’ हा शब्दप्रयोग किती सांभाळून वापरायला हवा ते कळतं. त्याचा खरा अर्थ दर वर्षी 2 टक्के शक्यता. ही शक्यता दर वर्षी स्वतंत्र धरली तरी 30 वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता 45 टक्के निघते, म्हणजे जवळजवळ छापा की काटा. आणि वर्षं जर घोळक्याने येत असतील तर आला की तो मुक्कामालाच येतो.

कालावधी आणि तूट या दोघांचा एकत्र विचार करायचा तर गणित आणखी अवघड होतं. कालावधीच्या दृष्टीने दहा वर्षांतून एकदा आणि तुटीच्या दृष्टीनेही दहा वर्षांतून एकदा येणारा दुष्काळ, दोन्ही मिळून किती दुर्मीळ? दहाला दहाने गुणून शंभर म्हणता येत नाही, कारण लांब दुष्काळात तूट मोठी असतेच. दोघं हातात हात घालून चालतात. ही सांगड नीट बसवायला कोप्युला नावाचं गणिती साधन वापरतात. उत्तर दहा आणि शंभरच्या मध्ये कुठेतरी येतं, खोऱ्यागणिक वेगळं.

आठवण आखूड पडली की

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं पाणी 1922 च्या कराराने सात राज्यांना वाटलं गेलं. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला 75-75 लाख एकर-फूट, म्हणजे दोघांना मिळून सुमारे 1,850 कोटी घनमीटर. 1944 च्या तहाने मेक्सिकोला आणखी 15 लाख एकर-फूट देण्याचं ठरलं. करार करणाऱ्यांपुढे नदीच्या जेमतेम दोन दशकांच्या नोंदी होत्या, आणि ती दोन दशकं नेमकी असाधारण ओली होती.

ते कसं कळलं? झाडांवरून. कोरड्या वर्षी खोडात वाढीचं कडं अरुंद पडतं, ओल्या वर्षी रुंद. जिथे झाडाची वाढ पाण्यावरच अडते अशा जागची शेकडो वर्षांची झाडं निवडायची, बारीक नळीने खोडाचा पेन्सिलीएवढा गाभा काढायचा, कडी मोजायची. अलीकडच्या वर्षांत कडीची रुंदी आणि मोजलेला प्रवाह यांचं नातं बसवायचं आणि त्या नात्यावरून मागच्या शतकांचा प्रवाह काढायचा. 1976 मध्ये स्टॉक्टन आणि जेकोबी या दोघांनी असा हिशोब मांडला आणि दीर्घकालीन सरासरी निघाली वर्षाला 135 लाख एकर-फूट. वाटप झालं होतं 165 लाखांचं. नंतरच्या अभ्यासांचे आकडे थोडे मागेपुढे झाले, पण वाटपाच्या जवळपास कुठलाच पोचला नाही. 2007 च्या एका अभ्यासात तर बाराव्या शतकाच्या मध्यावर सलग 25 वर्षांची सरासरी विसाव्या शतकातल्या सरासरीच्या 84 टक्क्यांहूनही खाली गेलेली दिसली.

एवढी मोठी चूक, आणि तिच्यात हिशोब कुणाचा चुकला नव्हता. बेरजा बरोबर होत्या, आठवण आखूड होती. ऑगस्ट 2021 मध्ये या नदीवरच्या मीड सरोवराबाबत पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली, त्या वेळी करार शंभरीला आला होता.

म्हणून 30 वर्षांच्या नोंदींवर ‘शंभर वर्षांतला सर्वांत वाईट’ असं विधान दिसलं की मी थबकतो. निर्देशांक काढायला 30 वर्षं चालतात, दीर्घ दुष्काळ समजून घ्यायला ती पुरत नाहीत. सलग पाच वर्षांचे दुष्काळ 30 वर्षांत येऊन येऊन किती येणार? एखादा, फार तर दोन. दोन नमुन्यांवर शक्यता सांगता येत नाही.

नदीवरचे हात

एल्बच्या त्या दगडाकडे पुन्हा जाऊ. विसाव्या शतकात वरच्या अंगाला व्ल्टावा या उपनदीवर धरणांची साखळी उभी राहिली. कोरड्या काळात तिच्यातून सोडलेलं पाणी खाली एल्बला मिळतं. म्हणजे आज दगड पाण्याखाली आहे म्हणून आभाळाने साथ दिली असं म्हणता येत नाही. कुणी तरी दरवाजा उघडलेला असू शकतो. उलटही होतं. नदी आटली, पण पाऊस ठीक होता. वरच्या बाजूला उपसा वाढला होता, किंवा विहिरींनी भूजल खाली नेल्यामुळे पायाप्रवाह तुटला होता.

हे वेगळं काढायला ‘नैसर्गिक प्रवाह’ पुन्हा उभा करतात. मोजलेल्या प्रवाहात वर उपसलेलं पाणी मिळवायचं, धरणात साठलेलं मिळवायचं, धरणातून जादा सोडलेलं वजा करायचं, शेतांतून आणि शहरांतून परत आलेलं वजा करायचं. थेम्स नदीवर किंग्स्टन इथे 1883 पासूनची नोंद आहे, आणि तिथे मोजलेला व नैसर्गिक असे दोन्ही प्रवाह मांडले जातात. लंडनचं पाणी याच नदीतून उचललं जात असल्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात या दोन रेषांत मोठी दरी पडते. वरची रेषा सांगते निसर्गाने काय दिलं, खालची सांगते नदीत काय उरलं. दोन्ही खऱ्या, आणि माशांना मिळते ती खालची.

अडचण अशी की उपशाची नोंद क्वचितच पुरी असते. जिथे ती नाही तिथे शेजारचं, धरण नसलेलं, स्वभावाने सारखं खोरं घेऊन तुलना करतात, किंवा उपसा वाढण्याआधीच्या काळावर गणिती प्रतिमान (मॉडेल) बसवून ‘हात लागले नसते तर’ नदी कशी वाहिली असती ते काढतात. दोन्ही मार्ग अंदाजाचे आहेत, पण ‘सगळा दोष पावसाचा’ या सोयीच्या उत्तरापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

आकाशातूनही मदत होते. 2002 मध्ये ग्रेस नावाचे दोन जुळे उपग्रह सोडले गेले. ते एकामागे एक, सुमारे 220 किलोमीटर अंतर राखून फिरायचे. खाली जिथे वस्तुमान जास्त तिथे गुरुत्वाकर्षणाची ओढ जास्त, आणि त्या ओढीने दोघांमधलं अंतर किंचित बदलतं. तो बदल सतत टिपून एखाद्या प्रदेशातलं एकूण पाणी, म्हणजे बर्फ, माती, नद्या आणि भूजल मिळून, किती वाढलं-घटलं ते काढता येतं. पहिली जोडी 2017 मध्ये थांबली, 2018 पासून दुसरी काम करते आहे. यातून मोठ्या खोऱ्यांचं चित्र मिळतं. लहान खोऱ्यासाठी ही नजर फार जाड पडते, आणि तिथे निरीक्षण विहिरीत सोडलेली मोजदोरीच कामाची.

संपला कधी म्हणायचं?

दुष्काळाची सुरुवात ठरवण्यापेक्षा शेवट ठरवणं अवघड आहे. प्रवाह उंबरठ्यावर आला, निर्देशांक शून्य ओलांडून गेला, बातमी झाली. पण धरण अर्धंच आहे आणि भूजल अजून खाली. जमा झालेली तूट भरून निघाली का, हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. त्यात ‘नेहमीचं’ म्हणजे कोणत्या 30 वर्षांतलं हेही येतंच. तापमान वाढतं तशी माती आणि झाडं पावसातला मोठा वाटा हवेत परत देतात, बर्फ लवकर वितळून जातो. कोरड्या दशकांचाच आधार धरून नवीन सरासरी काढली तर उंबरठा आपोआप खाली सरकतो आणि कागदावर दुष्काळ कमी होतो. म्हणून मला जुना आधार आणि नवा आधार, दोन्ही शेजारी ठेवून दाखवणारे अहवाल जास्त पटतात.

आग्नेय ऑस्ट्रेलियात 1997 ते 2009 या काळात फार मोठा दुष्काळ पडला. तो चालू असताना बऱ्याच खोऱ्यांत एक गोष्ट लक्षात येऊ लागली: पाऊस जितका घटला त्या हिशोबाने नदी जेवढी घटायला हवी होती, त्याहून ती जास्त घटत होती. आधीच्या कोरड्या वर्षांत 100 मिलिमीटर पावसाला जेवढं पाणी नदीत यायचं, तेवढं आता येत नव्हतं. मग 2010 मध्ये जोरदार पाऊस आला आणि सगळ्यांनी दुष्काळ संपला असं धरलं.

2021 मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या दीडशेहून अधिक पाणलोटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुष्काळ संपून सात वर्षं झाल्यावरही त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक पाणलोटांत पाऊस आणि प्रवाह यांचं जुनं नातं परतलं नव्हतं, आणि त्यांतल्या बहुतेकांत ते लवकर परतेल अशी चिन्हंही दिसत नव्हती. पावसाच्या निर्देशांकात तिथे दुष्काळ नव्हता. नदीच्या नोंदीत होता.

भूजल नदीच्या तळाच्या खाली गेलं की नदी आणि जमीन यांच्यातला ओला दुवा तुटतो. एरवी जमीन नदीला पाणी देत असते. आता नदीतलंच पाणी तळातून खाली जाऊ लागतं. वरून पाऊस पडतो तो आधी मातीतली आणि खडकातली रिकामी झालेली जागा भरतो, झाडं आपला वाटा उचलतात, आणि नदीपर्यंत पोचायला उरतं ते थोडं. वर पाऊस, खाली ओलसर वाळू, आणि मापन केंद्रावरची पट्टी कोरडी.